शिंप्याची गाठ, तात्यांची कडी

दुसऱ्याच्या संसारात काड्या करणारे त्या गल्लीत पुष्कळ होते, पण काठ्या करून स्वतःचा संसार चालवणारे तात्या एकटेच. गळाच्या काठ्या. दुकानात टांगलेल्या मिळतात तशा नव्हेत. माणसाच्या मापानं बांधलेल्या. लोक त्यांना काठीतात्या म्हणत. बायको चिडली की म्हणे, "मेली ती काठी तरी वाकते, तुम्ही काही वाकत नाही."

गिऱ्हाईक आलं की तात्या आधी काठीचं बोलतच नसत. कोपऱ्यातली पाण्यानं भरलेली बादली त्याला उचलायला लावत. उचलताना कोपर कुठं जातं, खांदा चढतो का, मनगट लचकतं का, ते चष्म्यावरून बघत. मग विचारत, "मासा किती वजनाचा धरता? खरं सांगा. मित्रांना सांगता ते नको."

एवढं झालं की खुंटीवरून कोरी काठी खाली यायची. काळी, पोकळ, अंगावर काही नसलेली. तिचं बूड टेबलावर टेकवून, मधोमध तळव्यानं दाबून तात्या तिला हळूच फिरवत. प्रत्येक काठीला कणा असतो. दाबली की ती आपसूक एका कुशीवर लोळते. ती कूस पेन्सिलीनं खुणावायची आणि कड्या त्याच रेषेत बांधायच्या, नाहीतर मासा लागला की काठी हातात पिळवटते. "कुठल्या कुशीवर झोपते ते कळल्याशिवाय तिला दागिने घालू नयेत," असं ते म्हणत. दागिने म्हणजे तंगूस, गळाचा दोरा, ज्यांच्यातून पळतो त्या कड्या. मुठीपाशी मोठी, टोकाकडे जाता जाता करंगळीच्या नखाएवढी. प्रत्येक कडीला आतून चिनी मातीसारखं गुळगुळीत अस्तर. मग बुचाची मूठ, रिळाची बैठक, कड्यांच्या पायांवर रेशमी दोऱ्याचे वेढे आणि त्यावर काचेसारखा लेप.

आणि एक नियम. बांधण्याआधी प्रत्येक कडीतून कापसाची वात फिरवायची. अस्तराला केसाएवढी चीर असली तर ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. कापूस मात्र अडकतो. ज्या म्हाताऱ्यापाशी तात्या हे काम शिकले, त्यानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. तीस वर्षं तात्यांनी नियम पाळला. एकदाच चुकवला, आणि तो नेमका व्याह्यांच्या काठीला.

व्याही शिंपी. तात्यांची लेक त्यांच्या घरात दिलेली. सरळ माणूस, बोलणं कमी, पण जे बोलतील ते टाचणीसारखं टोचून. कापड विरेल पण त्यांची शिवण उसवणार नाही, अशी ख्याती. दर रविवारी ते धरणावर गळ टाकून बसत. पासष्टी गाठली तशी जुनी काठी जड होऊ लागली, तेव्हा तात्याच म्हणाले, "व्याहीबुवा, तुमची काठी मी बांधतो. लेक दिली, तिच्यापेक्षा चांगली वस्तू देईन."

"लेक परत नाही करायची असं ठरलंय," व्याही म्हणाले. "काठीचं तसं नाही. बिघडली तर परत आणीन."

तात्यांनी जीव ओतला. चाळीस वर्षं कात्री चालवून व्याह्यांचा अंगठा दगड झाला होता, पण मनगट सैल. म्हणून काठी निवडली ती मधोमध सावकाश वाकणारी, मोठ्या माशाचा हिसका स्वतःच पोटात घालणारी. मूठ नेहमीपेक्षा जाड, बोटं फार आवळावी लागू नयेत अशी. कड्या सगळ्यात हलक्या मागवल्या, टोक जड व्हायला नको म्हणून. पंधरा दिवस तात्या जेवताना सुद्धा त्या काठीचंच बोलत.

शेवटच्या दिवशी टोकाची कडी चिकटवायची होती. कामाच्या खोलीत धरणावरची तीनचार मंडळी येऊन बसलेली. त्यात टकला पोस्टमन, ज्याच्या तोंडाचं पाकीट कधी कोणाला चिकटवता आलं नाही. "असा हात दुनियेत नाही," असं कोणी म्हणालं, आणि तात्यांची मान जरा जास्तच ताठ झाली. त्या ताठ मानेपायी चिमट्यात धरलेली कडी सुटली, फरशीवर टणकन वाजली आणि कपाटाखाली गेली.

तात्यांनी गुडघ्यावर बसून ती काढली. हात कापसाच्या डबीकडे गेला.

"अहो तात्या," पोस्टमन हसला, "आता कापूसबिपूस? शिकाऊ आहात का?"

सगळे हसले. तात्याही हसले. कडीवर फुंकर मारली, दिव्यापाशी धरून एक डोळा मिटून पाहिलं आणि टोकावर बसवून टाकली. इतकंच झालं. एवढ्या कामाला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात.

दोन महिने काठी सुरेख चालली. मग तो रविवार आला.

धरणाच्या दरवाज्याखाली एक जुना मासा होता. सगळे त्याला म्हातारा म्हणत. पाचसहा जणांचे गळ त्यानं पचवले होते. त्या सकाळी तो व्याह्यांच्या गळाला लागला. अर्धा तास किनाऱ्यावरची माणसं आपापल्या काठ्या टाकून गोळा झाली होती. व्याही शांत होते. ओढायचं तेव्हा ओढत, सोडायचं तेव्हा सोडत, रीळ किरकिरत होतं. काठी तात्यांच्या मनातल्यासारखी वाकत होती, आणि तात्या छाती फुगवून ज्याला त्याला सांगत होते, "वाक बघा. वाक बघा तिचा!" म्हातारा वर आला. त्याची परातीएवढी पाठ सगळ्यांनी पाहिली. व्याह्यांनी पाय रोवला, आणि त्याच क्षणी काठी सरळ झाली. तंगूस वाऱ्यावर भुरभुरला.

"शिंप्याची गाठ सुटली रे!" पोस्टमन ओरडला. सकाळीच व्याह्यांनी जाड तंगुसाला बारीक तंगूस गाठ मारून जोडला होता, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. गाठ तर तंगुसाबरोबर गेलीच होती.

आणि तात्या, काठीवर बालंट येऊ नये म्हणून की सवयीनं कोण जाणे, व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाले, "असू द्या व्याहीबुवा. वय होतं. बोटं पूर्वीची राहत नाहीत."

व्याह्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. उलटी करून, सुलटी करून. मग काठी तात्यांच्या हातात दिली. "घेऊन जा. मला शोभत नाही."

घरी येऊन तात्यांनी काठी पुसायला घेतली. रिळावरचा तंगूस हातात आला, आणि त्याचं टोक त्यांनी दिव्यापाशी धरलं. गाठ सुटली तर टोक डुकराच्या शेपटीसारखं वळतं. हे टोक चावल्यासारखं होतं, पिंजलेलं. त्यांनी उठून दार लावलं. डबी उघडली. टोकाच्या कडीतून वात फिरवली.

कापूस अडकला.

दुसऱ्यांदा फिरवली. पुन्हा अडकला.

तात्यांनी वात डबीत ठेवली. मग त्यांनी लेप तापवला, कडी काढली, नवी बसवली आणि जुनी सदऱ्याच्या खिशात टाकली. सांगू, उद्या सांगू. उद्या बायकोची बहीण आली. परवा पावणेदोन वाजता निघाले आणि व्याह्यांच्या दुकानाच्या अलीकडच्या वळणावर चपलेचा अंगठा तुटला, तर तेवढंच निमित्त धरून परतले. माणसाला न जायला फार मोठं कारण लागत नाही. मनाशी म्हणत, एक मासाच तर गेला. माशासाठी कोणी नातं नासवतं का? पण आरशासमोर दाढी करताना स्वतःच्याच डोळ्यांत बघवेना, तेव्हा मान वर करून हनुवटीच तेवढी बघत.

दोन महिन्यांनी लेक माहेरी आली. हातपाय धुतले नाहीत, पाणी प्यायली नाही.

"बाबा, मामंजी दुकान बंद करताहेत."

"का? तब्येत?"

"तब्येत काय, धडधाकट आहेत. म्हणतात, हाताला गाठ धरत नाही त्यानं लोकांची बटणं कशाला लावायची. महिना झाला सुईला हात लावलेला नाही. स्वतःच्या सदऱ्याची बटणं सासूबाईंकडून लावून घेतात. काल मशीन विकायला माणूस बघून गेला. तुम्ही सांगा ना समजावून. तुमचं ऐकतात ते."

तुमचं ऐकतात. तात्यांना भाकरीचा घास लागावा तसा ठसका लागला. ऐकलंच तर होतं त्या माणसानं. सगळ्यांचं सोडून त्यांचंच ऐकलं होतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लेक आत गेल्यावर म्हणाली, "सदरा धुताना खिशात एक कडी सापडते, प्रत्येक वेळी. मी पुन्हा ठेवते. विचारलं नाही. आता तरी नेऊन द्या ती जिथं द्यायची तिथं."

तात्यांना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. तीस वर्षं संसार केलेल्या बाईनं दोन महिने कडी जपली होती, आणि तोंड मात्र उघडलं नव्हतं.

व्याही दुकानात एकटेच होते. मशीनवर कापड पांघरलेलं. कात्र्या पुसून एका रांगेत मांडून ठेवलेल्या, जणू त्यांची कोणी मोजणी करणार होतं. तात्या बसले नाहीत. कडी टेबलावर ठेवली.

"तुमची गाठ सुटली नव्हती," ते म्हणाले. "तंगूस ह्या कडीनं कापला. बसवायच्या आधी माझ्या हातून पडली होती. चार माणसं बघत होती म्हणून मी कापूस फिरवला नाही. त्याच दिवशी संध्याकाळी मला कळलं."

व्याह्यांनी कडी उचलली. टेबलावरच्या रिळाचा दोरा तोडून कडीतून ओढला. दोऱ्याला लव फुटली. पुन्हा ओढला. सवयीनं त्यांनी तोंडानं दोरा ओला केला, मग सुई सोडल्याचं आठवून खाली ठेवला.

"त्याच दिवशी," ते म्हणाले.

"हो."

"आणि आज किती दिवस झाले?"

"दोन महिने."

"मासा गेला त्याचं मला काही नाही, तात्या. कडी पडते. माझ्याही हातून कातरी पडली आहे, लोकांची कापडं वाया गेली आहेत. पण मी रात्रंदिवस ही बोटं घेऊन बसलो होतो, आणि तुम्ही गेल्या महिन्यात नातीच्या वाढदिवसाला माझ्यासमोर बसून जेवलात. मी भात सांडला तेव्हा तुम्ही पानात बघितलंत. मला वाटलं, कीव करताहेत."

"मला लाज वाटत होती."

"तुमच्या लाजेची किंमत माझ्या हातांनी का मोजायची?"

तात्या म्हणाले, "मी काय करू, सांगा."

व्याही मशीनवरचं कापड सारखं करत राहिले. मग म्हणाले, "मला एकट्याला सांगून झालं का? बोललात तेव्हा चारचौघांत बोलला होतात."

रविवारी तात्या धरणावर गेले. काठी न घेता. किनाऱ्यावर पंधरावीस माणसं होती आणि व्याहीही होते, जुनी जड काठी घेऊन एका दगडावर. तात्यांनी घरून जुळवून आणलेलं वाक्य आठवलंच नाही. मग जे आलं ते बोलले, गडबडीत, मोठ्यानं: कडी पडली होती, मी तपासली नाही, मासा माझ्यामुळं गेला, गाठ पक्की होती, मला माहीत होतं, मी दोन महिने बोललो नाही.

कोणाचा तरी तंगूस पाण्यात हलला. पोस्टमननं एकदा व्याह्यांकडे, एकदा तात्यांकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काही सुचलं नाही. मग मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे माझी काठी पण तपासायला हवी." दोनचार जण हसले. तात्यांचे कान तापले. पण ते जागचे हलले नाहीत; हे हसू आपल्या वाट्याचं होतं आणि दोन महिने दुसऱ्याच माणसानं ते सोसलं होतं.

व्याह्यांनी मान वर केली नाही. ते गळ बांधत होते. पहिली गाठ निसटली. दुसरी निसटली. हात थरथरत होते, खरोखरीच थरथरत होते. पूर्वीपासूनच असे थरथरायचे की हे ह्या दोन महिन्यांनीच केलं, ते आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. तात्यांचा हात पुढं झाला आणि अर्ध्यावर थांबला. मदत करायचा हक्क त्यांनी घालवला होता. पाचव्या खेपेला गाठ बसली. व्याह्यांनी ती दातानं आवळून ओढून पाहिली आणि गळ पाण्यात टाकला.

बुधवारी लेकीचा फोन आला. "बाबा, मशीन विकलं नाही. मामंजींनी आज कोणाच्या तरी पायजम्याला नाडीची पट्टी लावून दिली. पण तुमचं नाव काढलं की उठून जातात हो."

"जाऊ देत," तात्या म्हणाले. "तू माझी बाजू घेऊ नकोस."

त्यानंतर बाजारात जायचं झालं की ते शिंप्याच्या दुकानासमोरूनच जात, पण पलीकडच्या बाजूनं. मशीनचा आवाज ऐकू यायचा. पूर्वीसारखा सलग नव्हे, थांबत थांबत, दोन हात शिवण, मग विसावा. तात्यांची पावलं तिथं हळू होत. रस्ता ओलांडायचं धैर्य काही होत नसे. आवाज पुन्हा सुरू झाला की ते पुढं निघत.