डिकीतली वाळू

जपानच्या मोठ्या भूकंपाच्या वर्षी, मे महिन्यात आम्ही दुसऱ्यांदा घर सोडलं. मुंबई विमानतळावर नेणारी टॅक्सी आमच्या पुण्यातल्या बिल्डिंगखाली उभी होती. ड्रायव्हर म्हणत होता, "काका, मी लावतो ना." बाबा त्याला बाजूला सारून स्वतः डिकीत बॅगा रचत होते. जड खाली, हलकं वर, भाजणीचा डबा कोपऱ्यात आडवा होणार नाही असा. सगळं लागलं तरी त्यांनी डिकीचं झाकण लगेच खाली घेतलं नाही. मग घेतलं आणि म्हणाले, "पोचलात की फोन करा."

पहिल्यांदा जपानला निघालो तेव्हा सोसायटीतले निम्मे लोक खाली आले होते, पेढे वाटून झाले होते. या वेळी कुणालाच काय बोलावं ते सुचत नव्हतं. मार्चमध्ये मी आणि मानसी, माझी बायको, टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या बाकीच्या भारतीयांबरोबर पळत पुण्याला आलो होतो. टीव्हीवरच्या त्सुनामीच्या लाटा बघून बाबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. एकट्यानं राहायची बाबांनी सवय करून घेतली होती आणि स्वतःसाठी म्हणून माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी जेवताना मात्र ते म्हणाले, "मंदार, आता जाऊ नकोस."

मी म्हटलं, "बाबा, काँट्रॅक्ट आहे."

त्यांनी आमटी वाढून घेतली आणि विषय तिथंच संपला. खरं तर काँट्रॅक्टचं काही अडलेलं नव्हतं. ज्यांना नको असेल त्यांनी पुण्याचं प्रोजेक्ट घ्या, असं ऑफिसनं आधीच सांगितलं होतं. मला तिथंच राहायचं होतं. हलणाऱ्या जमिनीसकट, मला तिथं आवडत होतं. हे बापाच्या तोंडावर म्हणायला लागते ती हिंमत माझ्यात नव्हती.

टोकियोत पहिल्या दिवशी ऑफिसला गेलो तर शेजारच्या टेबलावरचे सातो-सान उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ओकाएरी." घरी परत आलेल्या माणसाला इथं असं म्हणतात. मार्चभर, वीजटंचाईत, कंदिलासारख्या मंद दिव्यांत ते काम करत राहिले होते आणि मी पुण्यात आंब्याची वाट बघत होतो. इथून पळालो म्हणून यांची लाज, परत आलो म्हणून बाबांची. लाजेला दोन पासपोर्ट असतात हे मला तेव्हा कळलं.

दोन-तीन वर्षांनी ऑफिसनं मला नागानोकडच्या एका कारखान्याच्या कामावर पाठवलं. डोंगराळ गाव, दर हिवाळ्यात कमरेएवढं बर्फ. गाडीशिवाय पान हलत नाही. त्सुकुबाहून कायमचं भारतात निघालेल्या एका मराठी कुटुंबाची छोटी गाडी आम्ही घेतली, इथं छोट्या इंजिनाच्या गाड्यांना असते तसल्या पिवळ्या नंबर प्लेटची. शेजारचे ओजीसान, म्हणजे म्हातारे आजोबा, तिच्याभोवती एक फेरी मारून अगदी हळहळले. ही फोर व्हील ड्राइव्ह नाही, फक्त पुढची चाकं ओढतात, बर्फात जपून, असं त्यांनी हातवारे करून समजावलं. मग आम्ही बर्फाचे टायर बसवले, मागच्या सीटखाली एक फावडं आणि दोन जुनी पायपुसणी ठेवली. चाक अडकलं की पायपुसणं खाली सारायचं, ॲक्सिलरेटर हलकेच दाबायचा, घाबरून ब्रेक मारायचा नाही. मानसी हे माझ्याआधी शिकली.

एका जानेवारीत बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले. पहिला आठवडा ते हीटरजवळ बसून खिडकीतून बाहेर बघायचे. विचारलं की "छान आहे" म्हणायचे. चहा आवडला का, छान आहे. झोप लागली का, छान. मीही त्यांना काही कमी पडू नये म्हणून दिवसभर मागेपुढे करत होतो. आम्ही दोघं इतके नीट वागत होतो की मानसी एकदा वैतागून म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा बाबा एकदाचे."

गाडी बर्फात थोडी घसरली त्या दिवशी मात्र बाबांचा चेहरा खुलला. आयुष्यभर त्यांनी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून धरणांच्या साइटवर जीप चालवली होती, भर पावसाळ्यात, चिखलातून. "मागं वजन हवं रे," ते म्हणाले. "आम्ही वाळूची पोती टाकायचो. जीप घोरपडीसारखी चिकटायची." दुसऱ्या दिवशी होम सेंटरमधून, म्हणजे हार्डवेअरच्या मोठ्या दुकानातून, त्यांनी वाळूच्या चार पिशव्या निवडल्या आणि मला हात न लावू देता डिकीत मांडल्या. त्यात शेजारचे ओजीसान नेमके आपल्या छोट्या ट्रकच्या हौद्यात फावड्यानं बर्फ भरत होते. "बघ, तोही वजनच टाकतोय," बाबा म्हणाले. ओजीसानांचा ट्रक मागच्या चाकांवर चालतो. बाबांची जीपही तशीच. आमची गाडी पुढच्या. मागं वजन टाकलं की हिचं तोंड आणखी हलकं होणार, हे मला पक्कं माहीत होतं. पण या माणसाला मी एकदा नाही म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हणायला जीभ रेटली नाही.

त्याच दुपारी सामान घेऊन परतताना घराच्या चढावर चाकं जागच्या जागी गरगरू लागली. तोंड डावीकडे वळलं, गाडी मागे सरकत गेली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगाला टेकून थांबली. कुणाला काही झालं नाही. मागून येणारी गाडी हॉर्न न वाजवता लांब थांबली, त्यानं मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मानसी मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, ही गाडी पुढून ओढते. मागच्या वजनानं पुढचं उचललं जातंय."

बाबा उतरले. वाकून चाकांकडे बघितलं. त्यांना एका क्षणात सगळं कळलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी डिकी उघडली. एक पिशवी फाडून वाळू पुढच्या चाकांखाली पसरली, उरलेल्या तीन काढून पुढच्या सीटच्या पायाशी ठेवल्या. चढाकडे थोडा वेळ बघितलं. "गाडी वळव. उलटी चढव," ते म्हणाले. "चढावर वजन खालच्या बाजूला पडतं. ओढणारी चाकं खाली राहू देत." त्यांनी खुणा केल्या, मी रिव्हर्समध्ये इंचाइंचानं गाडी घरापर्यंत नेली.

चहाचा कप हातात आल्यावर ते बोलले. "चूक झाली तर सांगायची. पाहुण्याला सांगत नाहीत. मी काय पाहुणा आहे?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटायचं ते भूकंपाच्या वर्षीच वाटून झालं," बाबा म्हणाले. "आता खरं बोल. तू काही परत येणार नाहीस. हो ना?"

इतकी वर्षं फोनवर मी 'बघू', 'पुढच्या वर्षी', 'हे प्रोजेक्ट झालं की' म्हणत आलो होतो. मानसी स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. मी म्हटलं, "नाही बाबा."

त्यांनी चहावर फुंकर घातली. "बरं. मग तुझी खोली भाड्यानं देतो. दर रविवारी झाडतो, चादर बदलतो. कंबर धरते रे आता."

इतकी वर्षं ते चादर बदलत होते हे मला माहीतच नव्हतं. मला हुंदका आवरेना. बाबांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही. जरा वेळानं मी म्हटलं, "द्या."

माझ्या खोलीत आता बँकेत नोकरी करणारा एक तरुण राहतो. फोनवर कधी कधी मागून त्याचा आवाज येतो, बाबांना औषधाची आठवण करून देत असतो. ते काम माझं होतं. इकडं आलेल्या मित्रांपैकी कुणी अपराधीपणा गेला म्हणालं तर माझा विश्वास बसत नाही. पुण्याला गेलो की आता मी हॉलमध्ये गादी घालून झोपतो. सकाळी बाबा खुशाल माझ्या अंगावरून ओलांडून दार उघडायला जातात. दूधवाल्याला म्हणतात, "मुलगा आलाय. आज एक पिशवी जास्त दे." आणि परतताना माझ्या पायाला पाय लावून म्हणतात, "ऊठ, वाटेत पडलायस."