मागच्या सीटवरचा गॅरेजवाला

वडिलांना पुण्याच्या दवाखान्यातून पलूसला घरी आणत होतो. आमच्या जुन्या गाडीचं इंजिन मागे, वाऱ्यावर थंड होणारं, आणि त्याला लागूनच मागच्या सीटवर वडील आडवे झालेले. शिरवळजवळ जळक्या ऑईलचा वास आला. पंपावरचा माणूस म्हणाला, "काय होत न्हाई, जावा बिनघोर."

तरी मी गॅरेज गाठलं. तिथल्या माणसानं इंजिन पुसून त्यावर अंगाची पावडर उधळली, गाडी चालू केली आणि उकिडवा बसून राहिला. एका झाकणाखाली पावडर काळी पडली. तिथलं पॅकिंग वाळलं होतं. ऑईल तापल्या सायलेन्सरवर ठिबकत होतं. त्यानं नवं पॅकिंग बसवलं.

"आता घाट चढेल ना?" मी सारखं विचारत होतो.

त्यानं वडिलांना धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे बसला.

"काम म्या केलंय. पेटलं तर आदी मला कळाय पायजे. चला."

खंबाटकीचा चढ सुरू झाला. आरशात त्याचे मिटलेले डोळे आणि फुललेल्या नाकपुड्या दिसत होत्या. एका वळणावर डोळे खाडकन उघडले. माझा पाय ब्रेकवर गेला.

"थांबू नगा. फुडल्या ट्रकचा वास हाय त्यो."

माथ्यावर उतरून त्यानं झाकणाखालून फडकं फिरवलं आणि मला दाखवलं. कोरडं होतं.

काळजी करू नका, असं तो एकदाही म्हणाला नाही. आता कुणी मला तसं म्हणालं, की मी आधी बघतो, हा स्वतः कुठे बसलाय.