खडू चाकापर्यंत गेला नाही

पडेगावच्या जुन्या गाड्यांच्या एका दलालानं मला फसवलं आणि त्याची शिक्षा मी उस्मानपुऱ्यातल्या माझ्या मिस्त्रीला दिली. दलालाचं काही बिघडलं नाही, त्याचा धंदा चालू आहे. माझं आणि मिस्त्रीचं वीस वर्षांचं जे होतं ते मात्र मोडलं.

मी बोअरच्या मोटारी आणि पाइप विकतो. सुरुवात केली तेव्हा दुकान नव्हतं. जुन्या मोपेडला पाइप आडवे बांधून गावोगाव हिंडायचो. ती मोपेड दर आठवड्याला कुठं ना कुठं बंद पडायची, आणि उस्मानपुऱ्यात लिंबाच्या झाडाखाली पान्यांची पेटी घेऊन बसणारा एक माणूस ती चालू करून द्यायचा. माझ्याच वयाचा. पुढं माझं दुकान झालं, त्याचं पत्र्याचं गॅरेज झालं, पण आमची रीत तीच राहिली. त्यानं मजुरी सांगायची, मी कपाळाला हात लावायचा आणि निम्म्यावर मागायचं. तो म्हणायचा, "क्या रे सेठ, कफन का भी भाव करेगा क्या?" मी म्हणायचो, "तू विकणार असशील तर करावाच लागंल. वापरलेलंच देशील." मग चहा यायचा, आणि मधला एक आकडा ठरायचा जो दोघांनाही पहिल्यापासून माहीत असायचा. गॅरेजमधली माणसं काम थांबवून ऐकत राहायची. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, आता हे दोघं हातघाईवर येणार.

भाव केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही. घेतली तर वर दोन मिरच्या मागतो. ठरलं त्याच्यावर काहीतरी मिळालं पाहिजे, नाहीतर सौदा झाल्यासारखा वाटत नाही. ह्या 'वर काय?' नंच माझा घात केला.

सोयगावच्या बाजूला माझी बरीच गिऱ्हाइकं आहेत. तिकडची रानं काळी. पावसाळ्यात पाणंदीत पाय ठेवला तर चप्पल तिथंच राहते. माझा टेम्पो मोटार घेऊन गेला की हटकून रुतायचा. म्हणून मी जुनी फोर बाय फोर पिकअप घ्यायचं ठरवलं. एरवी ती मागच्या दोन चाकांवर चालते, आणि गिअरशेजारचा लहान दांडा ओढला की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही जातो. चारही चाकं ओढायला लागली तर चिखलाची काय बिशाद, असा माझा हिशेब.

दलाल तरुण होता, गोड बोलायचा. पहिल्या दिवशी मी त्याच्याशी दोन तास झुंजलो. तो थोडा थोडा उतरत गेला. शेवटी मी म्हणालो, "ठीक आहे. वर काय?"

"काका, आता माझी चप्पल नेता का?"

त्याच्या मागं भिंतीला चाकावर लावायच्या स्टीलच्या फुगीर वाट्या लटकवलेल्या होत्या. चकाचक. मी बोट दाखवलं. त्यानं जीभ चावली. त्या दुसऱ्या गाडीच्या आहेत म्हणाला, मालक रागवेल म्हणाला, आणि मी उठायचं सोंग केल्यावर सुस्कारा टाकून उठला. त्यानं स्वतः त्या वाट्या पुढच्या दोन्ही चाकांवर बसवल्या, वरून मूठ मारून पक्क्या केल्या. मी जिंकून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला घेऊन गेलो. गाडीचा जोर तपासायची त्याची एक पद्धत होती. खिशात पांढरा खडू असायचा. गाडी जॅकवर चढवायची, दांडा ओढायचा आणि इंजिनाचा जोर ज्या ज्या भागातून जातो त्या प्रत्येक भागावर खडूची एक रेघ मारायची. मग चालू इंजिनवर बघायचं की रेघ फिरते का. "जिधर खडू रुका, उधर बीमारी," तो म्हणायचा. कुठलाही भाग उगाच खोलायचा नाही, की अंदाजानं बदलायचा नाही.

त्या दिवशी तो गाडीखाली गेला. पुढं जाणाऱ्या शाफ्टवर त्यानं रेघ मारली, मला दांडा ओढायला सांगितला. रेघ फिरली. समोरच्या पट्टीवर फोर बाय फोरचा दिवाही लागला. तो बाहेर आला, पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि त्यानं स्टीलच्या वाटीच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हर लावला.

"ए, ए, काढू नको," मी म्हणालो. "चरा पडंल."

"चाक तक देखना पड़ता, सेठ."

"शाफ्ट फिरला ना? दिवा लागला ना? मग?"

"दिवा तो वायर का काम है रे. चाक का चाक बताएगा."

तेवढ्यात दलालाच्या आवारात एक माणूस फोनवर मोठ्यानं बोलायला लागला, की होय, पांढरी पिकअप, आत्ताच टोकन देतो. आज मला कळतं की तो माणूस त्या आवारात रोजच फोनवर बोलत असणार. त्या वेळी गाडी हातची जाईल म्हणून मी मिस्त्रीच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर धरला. "नको म्हणालो ना. नवी कोरी वाटी आहे." तीन वेळा मी नको म्हणालो. तिसऱ्यांदा तो उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "गाड़ी तेरी."

गणपतीच्या दिवसांत सोयगावच्या पुढं एका शेतकऱ्याकडं मोटार पोचवायची होती. पाणंदीच्या तोंडाशी चिखल बघून मी ऐटीत दांडा ओढला. दिवा लागला. गाडी चार हात गेली आणि मागची चाकं जागेवरच गरागरा फिरायला लागली. पुढची दोन चाकं स्वस्थ उभी. मी खाली उतरलो तर बांधावर पाच-सहा जण जमलेले.

"मालक, चार चाकाची हाय म्हणले होते नं?"

"हायती की चार. दोन कामाला आलीत, दोन पाव्हणी आलीत."

"आन पाव्हण्यायला बघा, कसं चांदीचं ताट लावलंय!"

त्या वाट्यांवरून सगळे लई हसले. मोटार घेणारा शेतकरी मधे पडला, "हसू नका रं, होतंय आसं," म्हणाला, पण तोही तोंड फिरवून हसत होता. शेवटी ट्रॅक्टरनं मला ओढून काढलं. ज्या माणसाला मी गाडीची फुशारकी सांगून मोटार विकली होती, त्याच्याच ट्रॅक्टरनं. घाट चढून घरी येईपर्यंत माझं डोकं तापून लाल झालं होतं. आणि त्या तापलेल्या डोक्यात एकच गोष्ट आली: गाडी मिस्त्रीनं बघितली होती. त्यानं पास केली होती. म्हणजे दलालाकडून त्यानं कट खाल्ला.

मी तीन वेळा नको म्हणालो होतो, हे मला आठवलंच नाही. खोटं सांगत नाही. रागाच्या वेळी माझं डोकं मला सोयीचं तेवढंच पुढं करतं, ही माझी जुनी खोड आहे.

सकाळी गॅरेज गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. मी गाडी आत घातली, दार आपटलं. तो नेहमीसारखा हसत पुढं आला. "क्या रे सेठ, सवेरे सवेरे?"

"कट किती खाल्लास?"

त्याला आधी गंमत वाटली. "कायका कट?"

"दलालाचा. पुढची चाकं मेलेली आहेत. वीस वर्षं माझ्या जिवावर मोठा झालास आणि मलाच विकलंस?"

त्यानं हात पुसले. खिशातून खडू काढला आणि हळू आवाजात म्हणाला, "गाड़ी चढ़ा. देखते."

"तुझा खडू बघितला मी," मी म्हणालो. "शाळेत जा आणि फळ्यावर मार."

एक-दोघं हसले. मला वाईट वाटतं ते ह्या वाक्याचं. कटाचा आरोप एक वेळ रागात झाला म्हणता येईल. खडूवरचं वाक्य मी लोकांना हसवायला बोललो होतो. काल माझ्यावर हसले होते, आज लोकांनी दुसऱ्या कुणावर तरी हसावं म्हणून. त्यानं खडू खिशात ठेवला. "ठीक है साहब," म्हणाला, आणि दुसऱ्या गाडीकडं वळला. वीस वर्षांत पहिल्यांदा साहब.

मग मी बायपासच्या एका मोठ्या वर्कशॉपात गेलो. तिथं बसायला सोफा होता. त्यांनी आधी दांड्याची जोडणी बदलली. मग दिव्याचा स्विच बदलला. मग जोर पुढं-मागं वाटणारा डबा खाली उतरवून खोलला, आतल्या वस्तू नव्या घातल्या. दर वेळी दिवा लागायचा आणि दर वेळी पुढची चाकं तशीच. तीन महिने मी हे सोसलं, कारण मिस्त्रीकडं परत जायचं नव्हतं.

शेवटी गाडी धुणाऱ्यानं काम केलं. पाण्याच्या फवाऱ्यानं उजवीकडची वाटी टणकन उडाली. तो म्हणाला, "साहेब, ह्याच्याखाली बटण आहे हो." चाकाच्या मधोमध बुडख्यासारखा भाग होता, त्याला हब म्हणतात. त्यावर एक गोल खटका आणि दोन शब्द. एका बाजूला फ्री, दुसऱ्या बाजूला लॉक. खटका फ्रीवर होता. तो लॉकवर आणल्याशिवाय पुढचं चाक जोर घेतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. फुकट मिळालेल्या वाटीखाली फ्री लिहिलेलं होतं.

मी खटका फिरवला. रिकाम्या बाटलीच्या झाकणासारखा तो नुसताच फिरत राहिला. दुकानात आलो, भाव लिहायच्या पाटीजवळचा खडू घेतला, गाडी जॅकवर चढवली आणि मिस्त्रीसारख्याच रेघा मारल्या. शाफ्टवर, एक्सलच्या टोकावर, चाकावर. दुकानातल्या पोराला दांडा ओढायला सांगितला. शाफ्टची रेघ फिरली. एक्सलची फिरली. चाकाची जागेवर राहिली. बीमारी तिथं होती. वर्कशॉपानं तीन महिन्यांत जे काही बदललं ते सगळं आधीपासून धडधाकट होतं. हब खोलला तर आत एक्सल आणि चाक जोडणारी दातेरी कडीच नव्हती. डावीकडंही नव्हती. कुणीतरी आतला गर काढून करवंटी परत लावली होती आणि वर मीच मागून घेतलेली वाटी.

आणि खडू हातात असतानाच मला ते आठवलं. काढू नको. चरा पडंल.

दलालाकडं गेलो. आरडाओरडा केला. तो खुर्ची पुढं सरकवून म्हणाला, "काका, बसा. मिस्त्री घेऊन आला होता ना तुम्ही? मी त्याला अडवलं का? आणि वाट्या मी देत नव्हतो, तुम्हीच भांडून नेल्या." मी पैसे मोजून, वाद घालून, हट्टानं स्वतःला फसवून घेतलं होतं. त्यानं फक्त वाट्या भिंतीला टांगल्या होत्या.

मिस्त्रीकडं जायला मला आणखी पंधरा दिवस लागले. रिकामा हब फडक्यात गुंडाळून नेला आणि त्याच्या कामाच्या टेबलावर ठेवला. त्यानं आत बोट फिरवलं.

"खाली है."

"तुला माहीत होतं?"

"शक था. चाक तक देखने नई दिए आप."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?" माझा आवाज पुन्हा चढला. "सगळ्यांसमोर म्हणायचं होतं, तूच नको म्हणालास! माझं तोंड तिथंच बंद झालं असतं."

त्यानं हब फडक्यात परत गुंडाळला. "आप पूछे, कट कितना खाया. बीस साल के बाद वो पूछे तो फिर क्या बोलना?"

दुपारपर्यंत त्यानं दोन्ही बाजूंच्या कड्या बसवल्या. गाडी जॅकवर चढवून खडू मारला, चाकाची रेघ फिरताना मला दाखवली. मजुरी सांगितली. माफी मागायची माझी जीभ नाही. मला एकच गोष्ट येते. मी कपाळाला हात लावला आणि निम्म्यावर मागितलं. आजूबाजूच्या दोघातिघांनी काम थांबवून आमच्याकडं बघितलं. कफनाचं काहीतरी बोल, मी मनात म्हणत होतो. बोल रे.

"दे दो साहब," तो म्हणाला. "जो आपको ठीक लगे."

मी पूर्ण मजुरी ठेवली. त्यानं निम्मी उचलली, निम्मी माझ्याकडं सरकवली आणि हात धुवायला गेला. चहा आला नाही.

आता पिकअपची चारही चाकं ओढतात. सोयगावच्या पाणंदीत कुणी हसत नाही. वाट्या मी भंगारात दिल्या, भाव न करता. दर महिन्याला मी गाडी त्याच्याकडंच नेतो. काम चोख होतं. मी निम्म्यावर मागायचो, तो निम्मंच घ्यायचा. त्याचं नुकसान व्हायला लागलं म्हणून आता मागायचंही सोडलंय.

दलालाला मी जाब विचारला, तो त्यानं हसून झटकला. त्याच्याकडून मला आता काही नको. पण गिऱ्हाइकांनी भरलेल्या गॅरेजात एका सरळ माणसाला चोर म्हटलं गेलं, त्याच्या खडूवर लोकांना हसवलं गेलं, त्याचा जाब अजून कुणी दिलेला नाही. तो विचारत नाही, आणि न विचारून मला सोडतही नाही. त्यानं विचारावं. सकाळच्या गर्दीत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारावं, "क्या रे सेठ, कायकू बोला वैसा?" मी तिथं उभा राहीन. मला विचार रे.