पोटकलमाशिवाय पाणी नाही

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या गावी टँकर येई, पण बौद्ध वस्तीपर्यंत पोहोचेस्तोवर रिकामा होई. पूर्वापार क्रमच तसा: थोरली गल्ली प्रथम, वस्ती शेवटी. औशाच्या न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालेल्या मला वहिवाट आणि हक्क यांतला फरक कोणी शिकवायचा नव्हता. मी तहसीलला पत्रांमागून पत्रे लिहिली. अखेर आदेश निघाला की, छापील पाळीपत्रकाशिवाय चालकाने कॉक उघडू नये.

पत्रक काढण्याची आज्ञावली ग्रामपंचायतीच्या संगणकावर मीच लिहिली. काळा पडदा, त्यावर टंकायच्या आज्ञा. रचना कायद्यासारखी: ‘पाणी’ हा कायदा, त्याखाली ‘पाळी’ हे कलम, त्याखाली दोन पोटकलमे. ‘पाणी पाळी बघ’ म्हटले की कालचा क्रम नुसता दिसे. ‘पाणी पाळी फिरव’ म्हटले की काल शेवटी असलेली गल्ली आज पहिली होई आणि पत्रक छापले जाई.

ग्रामसेवक म्हणाला, “काका, नुसतं ‘पाणी पाळी’ लिवलं तर आपली जुनी पाळी छापून यावी. तेवढं करा.”

“अर्ध्या हुकमावर बेलिफसुद्धा दार ठोठावत नाही,” मी म्हणालो. नुसत्या कलमावर पडदा पोटकलमांची नावे दाखवील आणि थांबेल, एवढेच मी ठेवले.

पहिल्याच दिवशी वस्ती पहिली येणार होती. त्या सकाळी नव्या जिल्ह्यासाठी मोर्चा होता. आमच्यावर अन्याय होतो, असे ओरडून घसा बसलेला सरपंचाचा भाऊ तिथून तडक आला, वस्तीच्या बायकांनी रांगेत मांडलेल्या घागरी लाथेने उडवल्या आणि आत शिरून माझ्या खुर्चीत बसला. ‘पाणी पाळी’, त्याने टंकले. पडद्यावर दोन पोटकलमे आली. पुन्हा टंकले. पुन्हा तीच.

“वकीलसाहेब,” तो मला टोमणा मारत म्हणाला, “ह्ये इचारून राहिलंय मला? मला?”

“कुणालाही विचारते.”

त्याने दारामागचा कुदळीचा दांडा उचलला. माझे डावे मनगट मोडल्याचा आवाज मला वेदनेच्या आधी ऐकू आला. दुसरा घाव डोक्यावर येणार, तोच वस्तीतल्या एकाने त्याला मागून कवेत आवळले; दोघे उंबऱ्यावर कोसळले आणि त्याचे तोंड दगडावर एकदा नव्हे, अनेकदा आपटले गेले. मी कोणाला आवरले नाही.

उजव्या हाताच्या एका बोटाने मी ‘पाणी पाळी फिरव’ टंकले.

उंबरा ओलांडून मी छापलेले पत्रक बाहेर नेले. चालकाने ते उलटूनपालटून पाहिले. “रगत लागलंय की काका. चालंल का?”

“अक्षर वाचता येतं?”

“हाव.”

“मग कॉक उघड.”

वस्तीतल्या एका म्हातारीने पोचा पडलेली घागर नळीखाली धरली.