कठडेवाली नाव

नावेतलं आम्हाला काय कळत होतं? कापूसवाली माणसं आम्ही. आमचं पाणी विहिरीतलं, तेही वरून वाकून पाहायचं. पण पातूरकडच्या धरणाचं पाणी पसरलं, आमचं मधलं शेत बुडालं आणि उरलेलं पलीकडच्या काठाला गेलं. सासूबाईंनी एकच धोशा लावला, "मराच्या आंधी एकदा माह्या वावरात नेऊन सोडा मले." गुडघे वाकत नव्हते, त्यामुळे मासेमारांच्या डोंग्यात बसणं जमेना. फेऱ्याच्या रस्त्यानं कंबर मोडायची. म्हणून ड्रमांवर तरंगणारी सपाट नाव घ्यायची ठरली. खुर्चीसकट बसता येईल अशी.

अकोल्याला एका कारखान्यात दोन नावा विटांवर उभ्या होत्या. ड्रम सारखे, फळ्या सारख्या, इंजिनही तेच. एक मोकळी, दुसरीला चहूबाजूंनी कठडा आणि वर झालरीचं छत.

"दोन्ही सख्ख्या बहिनी हायेत, बाई," कारखानेवाला म्हणाला. "हे फक्त नटली हाय." त्या शहाण्यानं दोन्हींपैकी एकही पाण्यात पाहिली नव्हती.

आणि मी! पन्नाशी गाठलेली, तरी अक्कल अजून वाटेतच. बाजारात मडकं पाहावं तशी मी ड्रमावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि जाणकारासारखी मान डोलावली. काय ऐकलं, देव जाणे.

"मोकळी घेऊ. मायले चढाले सोपी," आमचे हे म्हणाले.

"अन् लोक काय म्हनतीन? पाट आनला का नाव?" मी म्हटलं. लोक म्हणजे अमरावतीची माझी जाऊ. तिच्या डोळ्यांत झालर खुपावी, एवढाच माझा अभ्यास.

काठावर आणल्यावर कळलं, कठड्याचं दार इतकं अरुंद की खुर्ची आत जाईना.

"काहून वो सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "मले न्याचं हाय का बकऱ्या?"

मी म्हटलं, "आत्याबाई, तुमी जराशा आडव्या झाल्या तर..."

"आडवी मी एकदाच होईन. तवा चौघं जन आनजो."

ह्यांनी गावातला वेल्डिंगवाला आणला. कठडा कापला. छत कठड्यावरच उभं होतं, तेही खाली आलं. झालर चिखलात. जी नाव अकोल्याला विटांवर सोडून आलो होतो, तीच आम्ही एवढी यातायात करून घरी बनवली.

मग सासूबाई खुर्चीत आणि खुर्ची नावेत. मी पुढे उभी, जशी काही धरण मीच बांधलं.

"बाजूले सरक. मले वावर दिसून नाई राह्यलं."

पलीकडे सासूबाई लेकाचा हात धरून उतरल्या. मला वाटलं, आता डोळे भरून येतील. त्यांनी कपाशीच्या ओळींवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "कित्तं तन माजू देल्लं रे!"

मग त्या काठीनं दाखवत गेल्या आणि नावेसाठी मुद्दाम नेसलेल्या नव्या साडीत मी दिवस बुडेस्तोवर तण उपटत राहिले.