गावापुरता कडक गिअर

आमच्या गाडीची चावी दाराशेजारच्या खिळ्यावर लटकते, आणि त्या खिळ्यावर साऱ्या भाऊबंदांचा हक्क असतो. असा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. पण रनाळ्यात दारात चारचाकी उभी असेल तर भावकीला चावी नाकारायची नसते. नाकारली तर पुढच्या लग्नात पंगतीला बसल्यावर कळतं आपण काय केलं ते. भीड भिकेची बहीण म्हणतात. ती बहीण आमच्या त्या खिळ्यावर कायमची मुक्कामाला होती.

गाडी माझ्या नावावर आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. नंदुरबारला जाऊन रीतसर ड्रायव्हिंग शिकले, लायसनवरचा फोटो वाईट आला म्हणून रडलेसुद्धा. ह्यांना मोटारसायकलच बरी वाटते, त्यामुळे गाडी खरं तर मीच चालवायची. पण रविवार उजाडला की गाडी कुणाच्या मुलगी बघण्याला, कुणाच्या मोतीबिंदूला, नाहीतर कुणाच्या नुसत्याच फिरण्याला गेलेली, आणि मी बस स्टँडवर उभी.

माझी आई धानोऱ्याला असते. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच आहे. भाऊ-भावजय तिचं सगळं नीट करतात, तक्रारीला जागा नाही. फक्त वेणी तिला माझ्या हातची लागते. भावजयीने घातलेली वेणी ती गपचूप सोडून ठेवते आणि माझी वाट बघते. बसने जायचं तर नंदुरबारला बस बदलायची, आणि तिथे पोचून टेकते न टेकते तोच परतीच्या बसची वेळ. कितीदा तर मी जाणंच टाळलं. मग सोमवारी फोनवर आई विचारायची, "काल बसले गर्दी व्हती का वं?" सबब तीच मला आयती काढून द्यायची. ते मला फार लागायचं.

गाडी सगळ्यात जास्त न्यायचे ते माझे चुलतदीर. सासूबाईंचा लाडका पुतण्या, त्यांच्याच मांडीवर वाढलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "वहिनी, जरा नंदुरबारले जाई येस." त्यांचं ते जरा दिवे लागेपर्यंत चालायचं. क्लच ते अर्धाच दाबायचे, हात कायम गिअरच्या दांड्यावर टाकलेला, आणि दुसऱ्याची गाडी म्हटल्यावर माया कसली? शेवटी एकदा दोंडाईच्याहून येताना त्यांच्याच हातात जुन्या गिअरबॉक्सने मान टाकली. गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आली. दीर ट्रॅक्टरवर बसून आले. शर्टाला डाग नव्हता.

नंदुरबारच्या एका गॅरेजात नवा गिअरबॉक्स बसवला. हे गाडी घेऊन घरी आले तेव्हा कपाळावर घाम होता आणि उजवा खांदा चोळत होते. गिअर पडतच नव्हता. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा मध्येच अडायचा, जोर केला की कर्र करून अंगावर यायचा. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडी घेऊन गॅरेजात गेले. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "मॅडम, नया माल है. चलते-चलते नरम पडेगा. बस, जबरदस्ती मत करना."

जबरदस्ती न करता काम करून घेणं हा तर माझा रोजचा धंदा. पहिलीच्या वर्गातलं हट्टी पोर ओढून आत येत नाही. आपण दारात नुसतं हात पुढे करून थांबायचं, मग ते येतं. तसंच केलं. क्लच तळापर्यंत दाबायचा, न्यूट्रलला क्षणभर थांबायचं, मग दोन बोटांनी दांडा नुसता टेकवून ठेवायचा. तो आपणहून आत जातो. उभ्या गाडीला पहिला पडत नसला तर आधी दुसऱ्याला शिवून यायचं, की पहिला पडतो. रनाळ्यात पोचेपर्यंत माझं आणि त्या दांड्याचं जमलं होतं.

रविवारी पांढरा शर्ट दारात हजर. मी चावी काढून हातात दिली, वर पाणीही विचारलं. दीर बसले. कर्र. पुन्हा कर्र. गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. शेवटी कसाबसा पहिला पडला आणि गाडी निघाली. पुढे दुसरा काही पडेना, आणि थांबून रिव्हर्स टाकायची त्यांची हिंमत होईना. दीरांनी पहिल्या गिअरमध्ये आख्ख्या गावाला प्रदक्षिणा घातली. पारावर बसलेल्या मंडळींनी त्यांना जाताना पाहिलं, मग तितक्याच सावकाश परत येताना पाहिलं. दारात येऊन त्यांनी गाडी बंद केली आणि चावी माझ्या हातावर ठेवली.

"हाई गाडी नही वहिनी, अडेल म्हैस शे!"

"बरं झालं भाऊ, लवकर आलात," मी म्हणाले. आणि हसू दिसू नये म्हणून चावी खिळ्याला लावायला वळले.

त्यानंतर आणखी दोघातिघांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं आणि मग गावात बातमी पक्की झाली की मास्तरीणबाईंच्या गाडीचा गिअर फार कडक आहे. कुणी मागायला येईना. मी मात्र कुणाला नाही म्हटलं नव्हतं, माझी जीभ धुतल्या तांदळासारखी होती. युक्ती कुणी विचारली असती तर सांगितली असती, बहुतेक. पण वहिनीला गिअर कसा टाकायचा ते विचारणारा पुरुष आमच्या भावकीत अजून जन्मायचा आहे.

आणि मला रविवार मिळाला. सकाळी निघायचं, आईचं डोकं धुवायचं, उन्हात केस वाळवायचे, तेल लावून सावकाश वेणी घालायची. आई डोळे मिटून बसायची. मी तिला दीरांची प्रदक्षिणा सांगितली तेव्हा ती इतकी हसली की वेणी पुन्हा घालावी लागली. मी फार खूश होते त्या दिवसांत.

एकच गोष्ट सलत होती. मिस्त्रींनी सांगितलं होतं, चलते-चलते नरम पडेगा. म्हणजे धानोऱ्याची प्रत्येक फेरी माझाच घात करत होती. मी जितकी आईकडे जाईन तितका गिअर सैल होणार, आणि गिअर सैल झाला की खिळ्यावरची चावी पुन्हा सगळ्या गावाची.

झालंही तसंच. एका सकाळी धानोऱ्याच्या वाटेवर मी सवयीने न्यूट्रलला थांबले, आणि दांडा थांबायचं नाव न घेता सरळ दुसऱ्यात जाऊन बसला. मला घाम फुटला. तिसरा टाकला, तोही पडला. लोकांना गिअर पडत नाही म्हणून रडू येतं, मला पडला म्हणून आलं.

मग मी नाटक सुरू केलं. अंगणातून गाडी काढताना ओठ चावायचा, खांदा उचलायचा, चेहरा आंबट करायचा. पारासमोर क्लच जरासा कमी दाबून एकदा तरी कर्र करायचं आणि मनातल्या मनात गिअरबॉक्सची माफी मागायची. हे म्हणाले, एकदा गॅरेजला दाखवून येऊ का? मी म्हणाले, राहू द्या हो, मला सवय झाली. त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, तेव्हा मात्र थोडी लाज वाटली.

अशात सासूबाईंना सारंगखेड्याला जायचं निघालं. त्यांच्या धाकट्या बहिणीला बरं नव्हतं. एरवी बाईच्या हातच्या गाडीत त्या बसत नसत, पण आता गाडी चालवणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. पदर डोक्यावरून घट्ट ओढून त्या माझ्याशेजारी बसल्या. मी अंगणात ओठ चावला, पारासमोर खांदा उचलून कर्र केलं, पुढच्या वळणावर आई गं म्हटलं. त्या समोर बघत होत्या. शेवटचं घर मागे पडलं, दोन्हीकडे कपाशी लागली, आणि मी पुन्हा तोंड आंबट करणार तोच त्या म्हणाल्या,

"गाव सरनं. आते तोंड सरळ कर."

मी तोंड सरळ केलं. आता हे सगळं लाडक्या पुतण्याच्या कानावर जाणार, याबद्दल मला शंका उरली नव्हती.

सारंगखेड्याची जत्रा भरली आणि रविवारी सकाळी पांढरा शर्ट पुन्हा दारात उभा. मी धानोऱ्याला निघतच होते. आईसाठी घेतलेली तेलाची बाटली हातात होती.

"वहिनी, गिअर नरम पडना का वं? मी आयकं, चालीसन नरम पडस. जत्राले जावानं व्हतं, घोडा देखाले."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पुतण्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "कसाना नरम पडस रे! तुन्ही वहिनीना हात सुजी जास."

मग सूप बाजूला ठेवून उठल्या, हात झटकले, खिळ्यावरची चावी स्वतः काढली आणि माझ्या हातात दिली. "चाल वं, मी बी येस."

दीर ओट्याशी उभे होते. मी गाडी सुरू केली, ओठ चावला. शेजारी पाहते तर सासूबाईंनी दोन्ही डोळे मिटून असं काही तोंड वाकडं केलं होतं, जणू गिअर त्यांच्याच गुडघ्यात अडकला होता. पारासमोर तर त्यांनी चक्क "अरे देवा" म्हटलं. मला हसू आवरेना आणि रस्ताही दिसेना.

शेवटचं घर मागे पडलं तसा त्यांचा चेहरा सरळ झाला. त्या बाहेरची कपाशी बघत होत्या.

"मन्ही माय जित्ती व्हती तवय," त्या म्हणाल्या, "माले माहेरले कोनी लई नही गयं."

मी नुसता वरचा गिअर टाकला.

धानोऱ्याला मी आईचं डोकं धुतलं, केस वाळवले, तेल लावलं. फणी हातात घेतली तर सासूबाईंनी ती मागून घेतली. त्या दिवशी आईची वेणी त्यांनी घातली, आणि आईने ती सोडली नाही.

संध्याकाळी परत येताना रनाळ्याचे दिवे दिसायला लागले. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चाल आते, तोंड वाकडं कर."