साडेआठ तासांत अमेरिका

"पहाटे साडेचारला मुंबई, दुपारी एकला लेकीकडे. म्हणजे साडेआठ तास. एवढं बसेन हो मी," तिकिटावर बोट ठेवून मावशी म्हणाल्या.

मी नुसती मान डोलावली.

चिपळूणला माझं विमान तिकिटांचं ऑफिस आहे. मावशी अलोऱ्याच्या, एकट्या राहणाऱ्या. लेक सॅन फ्रान्सिस्कोला, दिवस भरत आलेले.

तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. तिथलं घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे होतं. म्हणजे खरा प्रवास एकवीस तासांचा. आखातात विमान बदलायचं आणि पुढे सलग सोळा तास बसायचं. हे मला तोंडपाठ होतं.

मग बोललो का नाही? लेकीने फोनवर सांगितलं होतं की काका, आईला तास सांगू नका, घाबरून यायची नाही. आणि मावशींनी सांगितलं होतं की पायाच्या शिरा फुगल्यात, डॉक्टर फार वेळ बसू नको म्हणतात, पण लेकीला कळू देऊ नका, ती येऊ द्यायची नाही. दोघींचं ऐकलं. वाटेत एक रात्र हॉटेलात मुक्काम असलेलं तिकीट निघत होतं. ते काढायचं तर दोघींना कारण सांगावं लागलं असतं. शिवाय सीझन होता, मलाही काम उरकायचं होतं.

मावशींना खिडकीची सीट मिळाली. शेजारच्या दोघांना उठवायचं कसं, या संकोचाने त्या जागेवरून हलल्याच नाहीत. उतरताना पाय सुजलेला, शिरेत रक्ताची गाठ. बाळंतपण करायला गेलेली बाई लेकीच्या आधी ॲडमिट झाली.

लेकीचा फोन आला. "काका, तुम्हाला पायाचं माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो.

चार महिन्यांनी मावशी काठी टेकत ऑफिसात आल्या. नातवाचे फोटो दाखवले, चहा घेतला. मी भांडणाची वाट बघत होतो. उठताना म्हणाल्या, "पायाचं मी कुणालाच बोलले नव्हते, असं सांगितलंय तिला. तुमचं नाव नको यायला. तुम्हीपण तसंच सांगा."

मी आधीच तसं सांगून मोकळा झालो होतो, हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

गेल्या महिन्यात लेकीला फोन करून सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईचं पुढचं तिकीट मी इकडूनच काढेन."

बरोबरच आहे तिचं.

आता गिऱ्हाईक पोचायची वेळ विचारतं, तेव्हा मी आधी किती तास बसावं लागेल ते सांगतो. काही जण ऐकून उठून जातात. जाऊ देतो.